चंद्रपूरचा कोरा फॅक्स

पहिला कोरा फॅक्स आला तेव्हा मला वाटलं, माझाच कॉम्प्युटर बिघडला. वरच्या पट्टीत तारीख होती, चंद्रपूर डेपोचा नंबर होता, एक पान मिळालं अशी नोंद होती आणि त्याखाली नुसतं पांढरं. मी माउस हलवून पाहिला, पडदा पदराने पुसला, मग चष्माही पुसला. शेवटी सोमणला हाक मारली.

सोमण म्हणजे आमचा सिस्टिम्सचा माणूस. पुण्याहून आलेला, हुशार, पण बोलताना माणसाकडे न बघता त्याच्या कॉम्प्युटरकडे बघायचा. महिन्याभरापूर्वी त्यानेच माझ्या टेबलावरचं फॅक्स मशीन उचलून नेलं होतं आणि त्या जागी हा डबा बसवला होता. आता येणारा प्रत्येक फॅक्स म्हणे सर्व्हरमध्ये उतरणार, तिथून ई-मेलसारखा माझ्या पडद्यावर दिसणार, आणि मी तो ज्याचा त्याला पुढे ढकलायचा. ज्याला फॅक्स पाठवायचा असेल त्याने आपल्या खुर्चीतून न उठता पाठवायचा. कागद नाही, रोल नाही, धावपळ नाही. हे सगळं सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याला नाउमेद करवलं नाही.

"कागद उलटा घातलाय त्यांनी," तो पडद्याकडे बघून म्हणाला. "त्यांच्याकडे अजून जुनं मशीन आहे ना. लिहिलेली बाजू खाली घालायला हवी. सर्व्हर बरोबर आहे."

सर्व्हरला कोणी काही म्हटलं की त्याला स्वतःच्या पोराला बोलल्यासारखं लागायचं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या सर्व्हरला मी कुठं नावं ठेवली? आणि चंद्रपूरला फोन लावला.

"देवतळे, तुमचा कागद उलटा गेला. कोरं पान आलंय."

"असं का जी?" पलीकडून आवाज आला. "थांबा, लगेच पाठवून राहिलो."

दुसऱ्यांदा कागद नीट आला. मी पुन्हा फोन केला आणि सवयीने शेवटची ओळ वाचून दाखवली. ती वाचताना मला जाणवलं की महिनाभरात मी ती ओळ वाचली नव्हती.

या ओळीचं सांगायला हवं. आमची कंपनी मोटारपंप बनवायची, नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत. राज्यभर डेपो होते. रोज संध्याकाळी प्रत्येक डेपोने माल किती आला, किती गेला, किती उरला याचा एक कागद आम्हाला फॅक्स करायचा. ते कागद घेणं आणि हेड ऑफिसचे कागद बाहेर पाठवणं, हे माझं काम. फॅक्सच्या आधी टेलेक्स होता, तोही मीच चालवायचे. आमच्यात एक रिवाज पडून गेला होता. मशीनने 'ओके' छापलं तरी त्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही. लाइन मध्येच तुटायची, रोल संपायचा, अर्धं पान पलीकडे आणि अर्धं देवाघरी. म्हणून कागद मिळाला की मी त्या डेपोला फोन करायचे आणि शेवटची ओळ वाचून दाखवायचे. शेवटची ओळ पोचली म्हणजे सगळा कागद पोचला.

आणि शेवटच्या ओळीत असणार काय? पाठवणाऱ्याचं नाव, हुद्दा, गाव. जळगावचा कारकून माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन आपटायचा. लातूरवाला 'हां हां, ठीक' म्हणत दुसऱ्याशीच बोलत असायचा. देवतळे मात्र ऐकून घ्यायचे. "लक्ष्मण माधवराव देवतळे, डेपो इनचार्ज, चंद्रपूर," मी वाचायचे. पलीकडे जरा शांत. मग, "बरोबर, मॅडम."

त्यानंतर दोन शब्द इकडचे तिकडचे. तिकडे ऊन किती, इकडे द्राक्षं बाजारात आली का. वर्षानुवर्षं असे दोन-दोन शब्द साठले की माणूस कळतो. बायको वारलेली. मुलगा भिलाईला, पोलादाच्या कारखान्यात. एके काळी डेपोत चार माणसं होती, कंपनीने एकेक करत कमी केली. आता गोडाऊनचं कुलूप उघडणारे, झाडू मारणारे, माल मोजणारे आणि कागद लिहिणारे हे एकटेच. ट्रक आला तर हमाल यायचे. ट्रक काही रोज येत नव्हता.

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गरज काय पडली होती?

सर्व्हर आला आणि रिवाज मोडला. आमचे कमर्शियल मॅनेजर भालेराव साहेब, त्यांनी पत्रक काढलं. फॅक्स पोचला की सर्व्हर पाठवणाऱ्याला आपोआप पोच देतो, तेव्हा एसटीडी फोन करून विचारण्याची गरज नाही. कागदात काही दोष असेल तरच फोन करावा. पत्रक माझ्याच नावाने होतं, कारण दुसरं कोण असे फोन करत होतं?

आता माझं गाऱ्हाणं सांगायला बसले नाही, पण न सांगता पुढचं कळायचं नाही. आधी माझ्या टेबलाशी दिवसभर माणसांचा राबता असायचा. फॅक्स पाठवायला यायचे, कागद आत सरकेपर्यंत उभे राहायचे, उभं राहिलं की बोलायचे. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाहीये, कुणाला साडू छळतोय, सगळं त्या मशीनच्या घरघरीत मला कळायचं. मी डब्यात मुद्दाम जास्तीचे शेंगदाण्याचे लाडू नेत असे. सर्व्हर आल्यावर कोणी यायचं कारणच उरलं नाही. माणसं तीच, ऑफिस तेच, पण सगळे आपापल्या जागेवरून पाठवायचे आणि मीही जागेवरूनच ढकलायचे. चहावाला तेवढा टेबलाशी थांबायचा, तोही कप उचलण्यापुरता. घरी पंचवटीत मी एकटी. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, बहीण बडोद्याला. लग्न झालं नाही त्याची कारणं होती, ती आता शिळी झाली. मला एकटं वाटायचं. फार वाटायचं. पण कामात असताना वाटायचं नाही, आणि आता काम म्हणजे पडद्यावरचं चित्र इकडून तिकडे ढकलणं.

तर पहिल्या कोऱ्या फॅक्सनंतर आठवड्याभरात दुसरा आला. मी फोन केला, देवतळ्यांनी माफी मागितली, पुन्हा पाठवला, मी पुन्हा फोन करून शेवटची ओळ वाचली. मग तिसरा आला. मग एका आठवड्यात दोनदा. मी म्हटलं, देवतळे, इतकी वर्षं कागद सरळ जात होता, आता काय डोळ्यांना झापड आली? ते हसले. म्हातारपण आलं जी, म्हणाले. म्हातारपण कसलं, चौपन्नाचा माणूस.

मी काही खुळी नव्हते. मला कळलं. दोष असेल तरच फोन करायचा, असं पत्रक होतं. चंद्रपूरच्या माणसाने दोष करायचं ठरवलं होतं.

हे कळल्यावर मी काय करावं? त्यांना सुनवावं, सोमणला सांगावं, साहेबांच्या कानावर घालावं. यातलं काहीच केलं नाही. संध्याकाळी डेपोंचे कागद यायची वेळ झाली की मी खुर्चीत सरळ बसायचे. आतल्या आत हसू यायचं. एक दिवस आईची नारळी किनारीची साडी नेसून गेले. फोनवर साडी दिसत नाही हे मला कळतं हो, पण नेसले. कोणीतरी एवढ्या लांबून, माझा आवाज ऐकायला मिळावा म्हणून, वेड्यासारखा कागद उलटा घालतोय, हे त्या वयात कोणाला आवडणार नाही? मला घरून फोन करता आला असता, घरी फोन होता. पण काय कारण सांगणार? कामाशिवाय परक्या पुरुषाला फोन करणारी बाई, असं मला मी स्वतःच म्हटलं असतं. कागद कोरा आला की कारण मिळायचं.

मग सोमणने घोटाळा केला. त्याचा त्यात दोष नव्हता, सर्व्हर दर महिन्याला चुकांचा हिशेब आपोआप काढायचा आणि तो छापून साहेबांना द्यायचा. त्यात चंद्रपूर सगळ्यात वर. त्याच सुमारास वरून हुकूम आला होता की दोन डेपो बंद करून एजन्सीला द्यायचे, आणि ते कोणते हे भालेराव साहेबांनी ठरवायचं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. पण विहिरीत ढकलायला कोणीतरी हवंच असेल तर माणूस काठावर उभा असलेलाच बघतो.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "पिंगळेबाई, चंद्रपूरचं काय हो? त्या माणसाला एक कागद सरळ घालता येत नाही? उद्या त्याच्याकडेही कॉम्प्युटर द्यायचाय, तो काय करणार?"

मी म्हटलं, मशीन जुनं आहे साहेब. ते म्हणाले, मशीन सगळीकडेच जुनं आहे. असंच चाललं तर चंद्रपूर पहिलं जाईल, आणि त्यांना स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कोणाची, हे मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी चंद्रपूरला पत्रकाची पर्वा न करता फोन लावला. कागद व्यवस्थित आला होता तरी लावला. सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, चुकांचा हिशेब कसा निघतो, डेपो कसा जाणार आहे. नोकरी जाईल, देवतळे. उद्यापासून कागद सरळ घाला.

ते म्हणाले, "हो जी. बरं झालं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी कागद सरळ आला. तिसऱ्या दिवशीही. स्वच्छ, ठळक, एकही रेघ पुसट नाही. मी तो पुढे ढकलायचे आणि पर्स उचलून घरी जायचे. मला त्या सरळ कागदांचा इतका राग यायचा की काय सांगू. मीच सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं होतं, सगळं शहाणपणाचं झालं होतं, आणि दोन्हीकडे संध्याकाळ नुसती चिडीचूप.

आठवडा गेला असेल. आणि मग पडद्यावर पुन्हा पांढरं पान. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. फोन उचलून मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. तुम्हाला भीती वाटत नाही का, इतकी काय मस्ती आलीये, वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पुन्हा पाठवतो, मॅडम. वाचून दाखवाल?"

मी वाचून दाखवलं.

महिना संपल्यावर साहेबांनी त्यांना नाशिकला बोलावलं. बोलावण्याचं पत्र फॅक्सने जायचं होतं आणि ते मीच पाठवलं. सर्व्हरने लगेच सांगितलं, पोचलं.

ते आले त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात होते. माझ्या मनात एक उंच, किंचित वाकलेला माणूस होता, का ते माहीत नाही. आला तो बुटका, बारीक, कडक इस्त्रीच्या अर्ध्या बाहीच्या शर्टातला माणूस. खांद्याला रेक्झिनची बॅग. वर्ध्याला गाडी बदलून रात्रभर बसून आलेला, पण तोंड धुऊन, केस ओले करून भांग पाडलेला. माझ्या टेबलावरून पुढे गेला आणि सोमणला नमस्कार करून म्हणाला, भालेराव साहेबांना भेटायचं आहे. मला ओळखायचं कारणच नव्हतं.

"बसा, देवतळे," मी म्हटलं. "साहेब येताहेत."

ते गर्रकन वळले. "मॅडम, तुम्ही का?"

मी म्हटलं, हो, मीच. मी विचारलं प्रवास नीट झाला का, ते म्हणाले झाला. मी पाणी दिलं. फोनवर इतकी वर्षं दोन-दोन शब्द सापडत होते, समोरासमोर एकही सापडेना. ते पाणी पीत भिंतीवरच्या पंपाच्या चित्राकडे बघत राहिले.

केबिनमध्ये साहेब, सोमण, देवतळे आणि मी. मला बोलावलं कारण फॅक्सचं खातं माझं. साहेबांनी अडगळीत ठेवलेलं जुनं मशीन आणून टेबलावर जोडून ठेवलं होतं. सोमणच्या पुढ्यात कॉम्प्युटर. साहेब म्हणाले, "देवतळे, तुमचा रोजचा कागद असतो तसा हा कागद आहे. आमच्या सर्व्हरला पाठवून दाखवा. नीट गेला तर मी मानीन की तुमच्याकडच्या मशीनचा दोष आहे. मशीन बदलून देतो. नाही गेला तर मात्र माझा इलाज नाही."

साधी गोष्ट. कागद सरळ घातला की डेपो वाचत होता, नोकरी वाचत होती. मला मनातल्या मनात सुटल्यासारखं झालं. साहेबांनी त्यांच्या परीने वाट काढून दिली होती.

देवतळ्यांनी कागद हातात घेतला. टेबलावर हलकेच आपटून कडा सारख्या केल्या, कोपरा मुडपलेला होता तो अंगठ्याने दाबला, लिहिलेली बाजू खाली केली. मशीनवर ज्याचा हात बसलाय त्याच्याच सगळ्या हालचाली. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, कागद परत उलटला आणि आत सारला.

मशीन घरघरलं. आम्ही सगळे सोमणकडे बघत होतो. सोमणने पडदा आमच्याकडे फिरवला. पांढरा.

"बघा," साहेब म्हणाले, पण त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं नाही.

"मला जमत नाही, साहेब," देवतळे म्हणाले. "आधीच सांगायला पाहिजे होतं. मशीनचा दोष नाही, माझाच आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस माझ्यासाठी करतोय हे, माझ्या डोक्यात आलं. मशीन खराब आहे म्हटलं की नवीन मशीन येणार, मग चुकायला सबब नाही. सबब नसताना चुकलं की कोणीतरी विचारणार, मुद्दाम का करता. त्यापेक्षा अडाणी ठरलेलं बरं. माझं नाव निघू नये म्हणून ते चौघांत स्वतःला गाढव म्हणवून घेत होते. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं.

"साहेब, त्यांना येतं," मी म्हटलं. "आत्ता बघितलं नाहीत का, आधी सरळ धरला होता. ते मुद्दाम कोरा पाठवतात. कोरा आला की मला फोन करावा लागतो. मी फोन करावा म्हणून पाठवतात."

सोमणने पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. साहेबांनी घसा खाकरला. पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची बाई आपल्या तोंडाने असं सांगतेय, संध्याकाळपर्यंत ते साऱ्या ऑफिसात होणार, हे मला दिसत होतं. होऊ दे म्हटलं. नोकरी वाचली तर वाचेल.

"खरं आहे का हे?" साहेबांनी देवतळ्यांना विचारलं.

"खरं आहे."

"पिंगळेबाईंशी बोलायला?"

देवतळ्यांची मान एकदम वर झाली. "नाही, साहेब. मॅडमचा काही संबंध नाही. तसलं काही मनात आणू नका." ते घाईने बोलत होते, मग हळू झाले. "तिथं दिवसभर कोणी नसते. आठ-आठ दिवस ट्रक येत नाही. मेसचा डबेवाला डबा ठेवून जाते, बोलत नाही. आधी फॅक्स पोचला की फोन यायचा, माझं नाव वाचून दाखवायचे. अख्खं नाव, बापाच्या नावासकट. फोन बंद झाला तेव्हा समजलं, दुसरं कोणी माझं नाव घेतच नव्हतं. तेवढं ऐकायचं होतं, साहेब. मॅडमऐवजी दुसऱ्या कोणी वाचलं असतं तरी चाललं असतं."

सोमणने सुस्कारा सोडला. साहेबांचा चेहरा मोकळा झाला. बाईमाणसाची भानगड नाही, म्हणजे चौकशी नको, कागद नको. सुंठीवाचून खोकला गेला. ते देवतळ्यांशी अगदी सौम्यपणे बोलले. म्हणाले, एकटेपणाला मी औषध देऊ शकत नाही, पण मुद्दाम केलेल्या चुकीवर मी मेमो काढायला हवा. मेमो काढत नाही. तुम्ही आपणहून निवृत्ती घ्या, डेपो दिवाळीनंतर एजन्सीला जाईल. देवतळ्यांनी मान डोलावली, आभारही मानले.

मी खाली बघत होते. त्यांनी माझी अब्रू राखली, अगदी धुऊन, वाळवून, घडी घालून परत दिली होती. आणि मला ती नको होती.

जेवणाच्या सुट्टीत ते निघाले. मी कोणाला न विचारता त्यांच्यामागे गेटपर्यंत गेले. रिक्षा थांबवली होती, रिक्षावाला मागच्या गाडीला वाट देत पुढे-मागे करत होता. तेवढाच वेळ होता माझ्याकडे.

"देवतळे, एक विचारते, खरं सांगा," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणी वाचलं असतं तरी चाललं असतं, हे साहेबांसमोर माझं नाव राखायला म्हणालात, की खरंच तसं आहे?"

त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. दुसरा कोणी असता तर मला बरं वाटेल असं काहीतरी बोलला असता, आणि मी ते उरलेलं आयुष्य जपून ठेवलं असतं.

"खरंच आहे, मॅडम. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? कोणीही चाललं असतं." मग म्हणाले, "पण दुसऱ्या कोणी वाचलं नाही ना जी."

मला रडू आलं नाही. नुसतं गरम-गरम झालं, कानापर्यंत. आईची साडी आठवली आणि स्वतःची लाज वाटली. मी विचारलं, आता कुठे, भिलाईला? ते म्हणाले, हो, पोरगा केव्हाचा बोलावून राहिला. मीच जात नव्हतो, नोकरी होती म्हणून. घर लहान आहे, पण नातवंडं आहेत, सून बोलकी आहे. दिवसभर गलका असतो. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मला दिसलं की हा माणूस नोकरी घालवून सुटला. आता त्याला आबा म्हणणारी, जेवायला हाक मारणारी माणसं मिळणार.

"मग तुमचं चांगलंच झालं," मी म्हटलं.

"हो जी. चांगलंच झालं."

ते रिक्षात बसायला वाकले. आणि मी जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलून गेले.

"तुमचं झालं, देवतळे. संध्याकाळी मी कोणाला फोन करू?"

ते तसेच वाकलेले थांबले, एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर. वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. इतकी वर्षं हा फोन तिकडे वाजत होता, पण तो करणारं माणूस कुठे बसलंय, कसं बसलंय, हे त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. का यावं?

"मॅडम, तुमच्याकडे तं भरलेलं ऑफिस आहे," ते म्हणाले. "इतके लोक आहेत."

"हो," मी म्हटलं. "पुष्कळ आहेत."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ते बसले, त्यांनी हात जोडले, मीही जोडले. रिक्षा त्र्यंबक रोडच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली तरी मी वॉचमनच्या खोलीपाशी उभी होते. वॉचमनने विचारलं, काही हवंय का, बाई. मी नाही म्हटलं.

आत गेले तेव्हा सुट्टी कधीच संपली होती. सगळे आपापल्या पडद्यासमोर बसले होते. माझी खुर्ची इतका वेळ रिकामी होती, पण मी कुठे गेले होते, हे मला कोणी विचारलं नाही.